लोखंडाच्या पलीकडे

तिने मूठ आवळली आणि लोखंडी दारावर पुन्हा दणादण मारली. मग हात झटकला, दुखरी पेरं तोंडात धरली आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे बघितलं.

"छे," काचेपलीकडून स्पीकरवर आवाज आला. "ताई, हे जप्तीवाले आल्यासारखं वाजतंय."

"मघाशी म्हणालास, शेजारीण साखर मागायला आल्यासारखं वाजतंय."

"मग मधलं काहीतरी द्या की."

"मधलं! मरणाऱ्या माणसाचं मधलं काय असतं रे?"

काचेपलीकडच्या त्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणत. गळा असा बेसूर की तो गुणगुणला की चहा आणणाराही पळायचा, पण कान तिखट. हिचं नाव पडलं होतं खुडबुडताई. सिनेमात माणसं चालतात, पेला ठेवतात, कूस बदलतात, त्यांचे आवाज मागाहून एका बंद खोलीत हातापायांनी करावे लागतात. तेच तिचं काम. फाटके बूट, मोडक्या छत्र्या, सायकलची चाकं आणि ओली पोती यांच्या पसाऱ्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने टाकलेली पावलं मोठमोठ्या नट्यांच्या नावावर खपली होती आणि याची तिला मनातून भारी गंमत वाटायची.

या वेळी पावलं सोपी होती. अडलं होतं ते दारापाशी.

सिनेमा अवकाशातला होता. पृथ्वी सोडून पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं एक यान. त्याच्या एका भागाला चीर जाते, हवा निसटू लागते आणि यानाची कप्तान बाई मधलं दार बंद करून टाकते. पलीकडे तिचीच माणसं राहतात. ती दार वाजवतात, ही उघडत नाही, आणि म्हणून बाकीचं यान वाचतं. पण तो आवाज यानाने साठवून ठेवलेला असतो, आणि पुढे नियमच होऊन बसतो: जो कोणी नवा कप्तान होईल त्याने खुर्चीत बसण्याआधी तो आवाज ऐकायचा, अगदी शेवटपर्यंत. म्हणजे सिनेमाभर ते दार पुन्हा पुन्हा वाजणार होतं.

"माझा सगळा सिनेमा या एका आवाजावर उभा आहे हो," पोरगेला दिग्दर्शक काकुळतीला येऊन म्हणाला होता.

"पण तिने केलं ते बरोबर की चूक?" तिने विचारलं होतं.

"ते मीच सांगून टाकलं तर लोक घरी जाताना भांडतील कशावरून?"

ती हसली होती. घरी मात्र तिने या सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा, "आकाशातलं आहे काहीतरी, आपल्याला काय कळतंय त्यातलं," म्हणून तिने विषय बदलला. नवऱ्याला ती 'दार लावून घ्या' असंसुद्धा कधी म्हणत नसे. उठून आपणच लावायची.

नदीखालून बोगदा खणत होते तेव्हा नवरा दारावर कामाला होता. दार म्हणजे जाडजूड पोलादी, बोगद्याच्या मधोमध. पुढे पाणी फुटलंच तर ते लावून मागची माणसं वाचवायची. नियम असा होता की आधी घंटा द्यायची, दार लावायचं आणि मग त्याला कान लावून ऐकायचं. आतून कोणी वाजवत असेल तर पुन्हा उघडायचं. काहीच ऐकू येत नसेल तर बोल्ट आवळायचे, ते कायमचेच.

पाणी फुटलं त्या दिवशी त्याने बोल्ट आवळले. मागची अख्खी पाळी जिवंत बाहेर आली. पुढे गेलेली माणसं तिथेच राहिली आणि त्यांत तिचा धाकटा भाऊ होता. त्याला ती नोकरी नवऱ्यानेच शब्द टाकून लावून दिली होती.

चौकशीत नवऱ्याने सांगितलं की कान लावला होता, आत शांत होतं. चौकशीवाल्यांनी त्याची पाठ थोपटली. पण खरी चौकशी झाली ती घरात. तिच्या आईने जावयाला समोर बसवून एवढंच विचारलं, "पोरगं दार वाजवत होतं का हो?"

"नाही, आई. काही आवाज नव्हता. त्याला कळलंसुद्धा नसेल."

या एवढ्या आधारावर आई पुढची वर्षं जगली. पाणी येताक्षणी सगळं संपलं, लेकराने कुणाची वाट बघितली नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जावयाला कधी टाकून बोलली नाही. उलट, "माझा एक गेला, एक आहे," म्हणत त्याच्या ताटात आपल्यातलं वाढायची.

तर त्या दुपारी खुडबुडताई दारावर मुठी आपटत होती आणि नेमकी चष्मा घरी विसरून आली होती.

"अगं, हा घे," म्हणत नवरा खोलीत आला. भंगारातून आणलेल्या दोन छत्र्या त्याच्या पायात आल्या, त्या त्याने उचलून भिंतीला लावल्या. तिच्यासाठी भंगारबाजार पालथा घालण्याची त्याला सवय होती.

"तुम्ही कशाला आलात?" ती दचकून म्हणाली. "मी आलेच असते ना."

"आणि तोवर काय, आंधळी कोशिंबीर?"

तो हसत वळला आणि समोरच्या पडद्यावर त्याची नजर गेली. चित्र थांबवून ठेवलेलं होतं. अवकाशातले जाड कपडे घातलेली एक बाई बंद दाराला कपाळ टेकून उभी होती. त्याचं हसू गेलं. पडदा बंद कर, म्हणून तिने काचेकडे हाताने खूण केली, पण कानसेनला त्यातलं काय माहीत?

"या भाऊजी! बरे आलात," तो स्पीकरवरून गरजला. "तुमच्या बायकोने सकाळपासून त्या दाराचा जीव घेतलाय. चला ताई, अजून एकदा. आत माणसं आहेत, हवा संपत आलीय. हं!"

परक्यासमोर तमाशा नको म्हणून तिने दोन-चार थापा मारल्या. अगदीच अर्ध्या मनाने.

"असं नाही वाजत," नवरा म्हणाला.

एवढी वर्षं एकाच कामात घालवली की माणसाला खोड लागते. तिच्या कामात कोणी चूक काढली की तिला बाकी काही सुचायचं नाही.

"मग कसं वाजतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने चष्म्याचं घर स्टुलावर ठेवलं आणि दारापाशी गेला. पंजाने एक सपाट थाप दिली, मग बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं आणि शेवटी नखं पत्र्यावरून सावकाश खाली ओढली. मोठा असा आवाज झालाच नाही.

काचेपलीकडे कानसेन ताठ होऊन बसला.

"अरे देवा," तो म्हणाला. "ताई, हेच!"

"हेच की!" ती म्हणाली. "कसं सुचलं हो तुम्हाला? थांबा, परत वाजवा. जरा खाली घ्या हात, तिथे पत्रा जाड आहे. हां. घाई नको."

तिने माइक सरकवला, हेडफोन कानांवर चढवले, एक डोळा मिटला आणि बोटाने खूण केली. नवऱ्याने पुन्हा वाजवलं. ती म्हणाली, नखं अजून हळू. त्याने पुन्हा वाजवलं. शहाण्या मुलासारखा तो ती सांगेल तसं करत होता, आणि तो आवाज आता हेडफोनमधून थेट तिच्या कानात पडत होता.

मग तिला कळलं की हे वाजवतंय कोण.

धाकटा किल्ली हमखास विसरायचा. पाळी सुटून अवेळी घरी आला की शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून अशीच एक थाप द्यायचा, दोनदा टकटक करायचा आणि मग मांजरासारखी नखं ओढायचा. भीती नसायची त्यात. आत आपली माणसं आहेत, कोणीतरी डोळे चोळत उठेल आणि चार शिव्या देऊन दार उघडेल, याची खात्री असायची.

तिने हेडफोन काढले.

"हे कुठे ऐकलंत तुम्ही?"

नवऱ्याचा हात अजून पत्र्यावरच होता. तो त्याने काढून घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

"अगं, असंच..."

"आत शांत होतं म्हणाला होतात."

कानसेन खाली वाकून कसलीशी वायर शोधू लागला. माइक चालू होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"पाणी गुडघ्याला लागलं होतं," नवरा शेवटी म्हणाला. "मागे अख्खी पाळी उभी होती. उघडलं असतं तर..."

"ते विचारत नाहीये मी. का बंद केलंत असं विचारलं का मी कधी? एकदा तरी?"

"नाही."

"मग खोटं का बोललात?"

"चौकशीत बोललो ते घाबरून. नियम मोडला होता ना मी." "आणि आईंनी विचारलं तेव्हा 'हो' म्हणायला गेलो गं. निघेचना तोंडातून. एकदा 'नाही' म्हणून बसल्यावर मग परत कुठे जाणार?"

"तोच आहे हे कळलं होतं तुम्हाला."

"पहिल्या थापेलाच."

ती स्टुलावर बसली. चष्म्याचं घर खाली पडलं, ते कोणी उचललं नाही.

"किती वेळ वाजवत होता?"

"तुला ते कशाला हवंय?"

"किती वेळ?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी कान काढून घेतला."

त्यानंतर घरात दोघं पाहुण्यांसारखी वागू लागली. चहा ठेवू का, ठेव. पंखा बंद करू का, कर. तिला नवऱ्याचा संताप आला होता. पण बोगद्यातून वाचलेला एक वेल्डर त्यांच्याच गल्लीत राहायचा. त्याला आता नात झाली होती, आणि तिला खांद्यावर घेऊन तो समोरून आला की हिचा संताप कुठे ठेवावा ते हिलाच कळायचं नाही. धड रागही धरता येत नाही, याचा मग वेगळा राग यायचा.

तिकडे दिग्दर्शकाने तो आवाज ऐकला आणि डोळे पुसत तिच्या पाया पडायचाच बाकी राहिला. "कसं जमवलंत?" तो विचारत होता. "मारामारी नाही, आरडाओरडा नाही. दार उघडणार अशी त्याची खात्रीच आहे. ताई, हे भयंकर आहे."

"हो," ती म्हणाली. "आहेच भयंकर."

एका संध्याकाळी नवरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"ते पुसता येतं ना गं?"

"येतं."

"मग पुसून टाक. माझं सोड, मला काय व्हायचं ते होईल. आईंसाठी म्हणतोय. तुझा एक सिनेमा सोडत नाहीत त्या."

"आई सिनेमात झोपते. नाव आलं की उठव, म्हणते."

"हे वाजल्यावर झोपतील?"

हातातलं भांडं ती बराच वेळ घासत राहिली.

पुसणं अवघड नव्हतं. कानसेनने तर आपणहून फोन केला. हा माणूस एरवी जगाची टिंगल करायचा, पण त्या दिवसाबद्दल त्याने कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. "ताई, उद्या सगळं पक्कं होतंय," तो म्हणाला. "मग काही हलवता येणार नाही. तुम्ही एक शब्द टाका, मी दुसरी थाप घालतो तिथे. दिग्दर्शक रडेल दोन दिवस, मी बघतो त्याचं काय ते."

"येते मी," ती म्हणाली.

ती गेली. आणखी थापा वाजवून बघितल्या, उशीने, लाकडाने, हातमोजा घालून. सगळ्या ऐकल्यावर कानसेन फक्त मान खाली घालून बसला. मग तिने हेडफोन लावले आणि ती पहिली थाप पुन्हा लावायला सांगितली. आधीही, आजूबाजूला कोणी नसलं की, ती येऊन हेच करायची. ऐकताना काळीज फाटायचं हे खरं. पण थाप, टकटक आणि नखं ऐकली की क्षणभर तो खरोखरच दाराबाहेर किल्ली विसरून उभा असायचा. त्याचा फोटो होता, त्याचे कपडे होते, पण असा तो दुसऱ्या कशातच नव्हता. हे पुसायचं, आणि तेही आपल्या हाताने, हे तिला झेपेना.

"काय करू ताई?"

"राहू दे आहे तसं."

आपण आईला काही सांगत नाही आहोत, फक्त पुसत नाही आहोत, अशी तिने घरी जाताना स्वतःची समजूत घातली. ती समजूत तिला स्वतःलाही फारशी पटली नव्हती.

सिनेमा तयार झाला. काम केलेल्यांच्या घरच्यांसाठी दुपारचा एक खेळ ठेवला होता.

"आई, या वेळी नको येऊस," ती म्हणाली. "सगळं यानाबिनातलं आहे, डोक्यावरून जाईल तुझ्या."

"डोक्यावरून जायला मी जागी कुठे असते?" आई म्हणाली आणि कपाटातून ठेवणीतली शाल काढायला उठली.

आणखी जोर लावून तिला अडवता आलं असतं. थंडी-ताप, गर्दी, काहीही सांगता आलं असतं. तिने जोर लावला नाही. नवरा पायात बूट चढवून तयार उभा होता.

"तुम्ही नाही आलात तरी चालेल," ती हळूच म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "मी येतो."

आई दोघांच्या मध्ये बसली. दिवे गेले, पडद्यावर तारे आले, आणि यान उडायच्या आत आईची मान छातीवर टेकली. तिचा श्वास संथ चालू होता. खुडबुडताईने स्वतःची पावलं ऐकली, स्वतःच्या हाताने सरकवलेल्या खुर्च्या ऐकल्या. यानाला चीर गेली. कप्तान बाई धावली. दार बंद झालं. कपाळ टेकून ती उभी राहिली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं.

एक थाप. टकटक. मग नखं.

"आले रे, आले," आई म्हणाली.

तिचे डोळे मिटलेलेच होते. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन ती उठली, पायांनी अंधारात चपला चाचपू लागली. "किल्ली विसरलास ना परत? जरा दम धर, आले."

"आजी, बसा हो," मागून कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलं.

लेकीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आईने डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. शाल सारखी करून, ओशाळून ती म्हणाली, "स्वप्न पडलं गं." आणि त्यानंतर ती झोपली नाही.

पडद्यावर वर्षं गेली. नवा कप्तान आला, तरुण, उतावळा. त्याला एका खोलीत नेऊन बसवलं, आणि यानाने साठवून ठेवलेला आवाज लावला. थाप. टकटक. नखं. आईने मान तिरकी केली. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. लेक तिच्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. आवाज संपला तरी आईची मान तशीच तिरकी होती.

"हे कोणी वाजवलंय?" आईने विचारलं. कुजबुजत नाही, साध्या आवाजात.

'मी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेच तर तिचं काम होतं. शब्द तिच्या जिभेवर आला होता, आणि तो ती उच्चारणार होती, हे तिला पुढे कायम आठवत राहिलं.

"मी, आई," पलीकडून नवरा म्हणाला.

आई त्याच्याकडे वळली. पडद्याचा निळसर उजेड त्याच्या तोंडावर हलत होता. तो सरळ समोर बघत होता आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

आता आई ओरडेल, नाहीतर उठून जाईल, असं लेकीला वाटलं. पण तिने जावयाच्या बाहीला हात लावला, लहान मुलाचं लक्ष वेधावं तसा, आणि विचारलं,

"मग तुम्ही त्याला काय म्हणालात?"



दार पुन्हा वाजू लागलं तेव्हा थिएटरमधली सगळी माणसं पडद्याकडे बघत होती. आई त्याची बाही धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.